नारळ न फोडता

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे अलिबागला गेलो होतो. सगळे म्हणजे खरोखरच सगळे, दोन गाड्या भरून. परतीच्या दिवशी बाजारात नारळवाल्यासमोर आई थांबली आणि तिचा नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. एकेक नारळ उचलायचा, कानाशी धरून हलवायचा, आणि पसंत पडला तर पिशवीत, नाहीतर परत ढिगात. नारळवाला बिचारा "सगळे पाण्याचेच आहेत हो मावशी" म्हणत होता, पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवेल ती आमची आई कसली!

शेजारी माझी भाची उभी होती. वय वर्षं अकरा. आदल्या रात्री तिनं मला युरोपावरून भंडावून सोडलं होतं. गुरूच्या या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं.

"मामा, तो समुद्र कोणी पाहिलाय?"
"नाही."
"मग तिथे कोणी खोदलंय का?"
"नाही."
"मग आहे कशावरून?"

रात्री मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. बाजारात ते आयतंच सापडलं. मी म्हटलं, "आजी बघ काय करत्येय. नारळ फोडून बघत्येय का? हलवून ऐकत्येय. युरोपाचंही तसंच केलं."

तिनं मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. पुढचा प्रश्न आलाच, "युरोपाला हलवलं कोणी?"

हा प्रश्न मात्र फार चांगला होता. त्याचं उत्तर शोधता शोधता मी पुढचे दोन महिने वाचत राहिलो, आणि गंमत म्हणजे त्यातली एक वाट फिरून अलिबागलाच आली. ती सगळी हकीकत इथे लिहून ठेवतो आहे. थोडी भाचीसाठी, थोडी माझ्यासाठी.

तर आधी युरोपा. गॅलिलिओनं १६१० साली गुरूचे जे चार चंद्र पाहिले त्यातला हा सर्वांत लहान, आपल्या चंद्राहून किंचित छोटा. साडेतीन दिवसांत गुरूभोवती एक फेरी मारतो. १९७९ साली दोन्ही व्हॉयेजर यानं गुरूजवळून गेली तेव्हा युरोपाचे पहिले चांगले फोटो आले. बर्फाचा गुळगुळीत गोळा आणि त्यावर हजारो किलोमीटर पसरलेल्या रेघा. अंड्याच्या कवचाला तडे जावेत तशा. खड्डे जवळपास नाहीत, म्हणजे पृष्ठभाग जुना नाही, काहीतरी त्याला सतत नवा करत असणार. खाली पाणी असेल का? असेलही. पण खालचा बर्फ नुसता मऊ असला तरी असे तडे जाऊ शकतात. फोटोनं शंका आली, खात्री झाली नाही. कॅमेऱ्याला कवचाच्या आतलं दिसत नाही.

आतलं कळलं ते वेगळ्याच वाटेनं. त्या वाटेचं नाव प्लाझ्मा.

वायू फार तापला, किंवा त्याच्यावर कणांचा नाहीतर किरणांचा जोराचा मारा झाला, की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. मग भारित कणांचा जो घोळका उरतो तो प्लाझ्मा. ट्यूबलाइटमध्ये असतो, विजेच्या लोळात असतो, आणि सूर्य तर सगळा त्याचाच. हे नाव अर्विंग लँगम्यूरनं १९२८ साली ठेवलं. आपल्या गोष्टीपुरते त्याचे दोन गुण महत्त्वाचे. एक, तो वीज वाहून नेतो. दोन, तो चुंबकीय क्षेत्राला बांधलेला असतो, क्षेत्र फिरलं की तोही बरोबर फिरतो.

गुरूभोवती असं काहीतरी आहे याची पहिली चाहूल १९५५ साली लागली, तीही चुकून. बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन हे दोघे अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका शेतात उभारलेल्या अँटेनांनी आकाशाचं निरीक्षण करत होते. त्यांच्या नोंदीत मधूनमधून खरखर यायची. आधी वाटलं, जवळपास कुठलीतरी गाडी जात असेल. पण ती खरखर रोज सुमारे चार मिनिटं आधी यायची, म्हणजे ताऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे. शोधता शोधता ती निघाली गुरूची. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कीथ बिगनं दाखवलं की या रेडिओ-खरखरीचा जोर आयो हा चंद्र कुठे आहे यावर अवलंबून असतो. एक चिमुकला चंद्र एवढ्या मोठ्या ग्रहाच्या रेडिओवर ताबा ठेवतो, ही तेव्हा फारच चमत्कारिक गोष्ट होती.

१९७३ साली पायोनियर-१० तिथे पोचलं आणि गुरूचं चुंबकीय क्षेत्र किती अवाढव्य आणि तिथला कणांचा मारा किती भयंकर हे प्रत्यक्ष कळलं. आणि १९७९ मध्ये लिंडा मोराबितो या अभियंतीला व्हॉयेजर-१ च्या एका फोटोत आयोच्या कडेला छत्रीसारखा फवारा दिसला. ज्वालामुखी! आयो दर सेकंदाला सुमारे एक टन गंधक आणि ऑक्सिजन अवकाशात सोडतो. त्याचा प्लाझ्मा होतो, आणि गुरूचं चुंबकीय क्षेत्र त्याला धरून गरागरा फिरवतं.

गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत एक फेरी पूर्ण करतो. युरोपाला गुरूभोवती फिरायला साडेतीन दिवस लागतात, प्लाझ्मा मात्र गुरूबरोबर धावतो. त्यामुळे युरोपाला हा वारा पाठीमागून लागतो, सेकंदाला शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं. युरोपाची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा काळसर-लालसर आहे, आणि त्याचं एक कारण शेजारच्या आयोचं गंधक पाठीवर येऊन बसतं हे आहे. शेजाऱ्याच्या चुलीचा धूर आपल्या भिंतीवर, तसलाच प्रकार.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. युरोपाला हलवतं कोण? तर गुरूच.

गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षापासून सुमारे दहा अंशांनी कललेला आहे. त्यामुळे गुरू फिरतो तेव्हा त्याचं चुंबकीय क्षेत्र डुगडुगत फिरतं. युरोपावर उभं राहून पाहिलं तर त्या क्षेत्राचा एक भाग साडेपाच तास गुरूपासून बाहेरच्या दिशेला असतो आणि पुढचे साडेपाच तास गुरूच्या दिशेला. एक पूर्ण हेलकावा साधारण सव्वाअकरा तासांचा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वीज वाहून नेणारी वस्तू ठेवली की तिच्यात विजेचे प्रवाह सुरू होतात, आणि ते प्रवाह स्वतःचं उलट्या दिशेचं क्षेत्र तयार करतात. शाळेत शिकलेलं फॅरेडेचं प्रवर्तन ते हेच. बर्फातून वीज फारशी वाहत नाही. खारं पाणी मात्र वीज छान वाहून नेतं. म्हणजे आत समुद्र असेल तर गुरूच्या प्रत्येक हेलकाव्याला युरोपाकडून उलट उत्तर आलं पाहिजे. नारळात पाणी असेल तर डुबूक आवाज आला पाहिजे, तसं.

ही युक्ती कोणाची? इथे आमची गाडी वळते अलिबागकडे. खरं तर आधी कुलाब्याकडे.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. धाग्याला टांगलेली चुंबकसुई किती हलली ते ठरावीक वेळी पाहायचं आणि वहीत लिहायचं, रात्रंदिवस. ही सुई रोज दिवसा थोडी सरकते आणि परत जागेवर येते. का, ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. १८८९ साली आर्थर शुस्टर या भौतिकशास्त्रज्ञानं चार वेधशाळांच्या नोंदी घेतल्या. सेंट पीटर्सबर्ग, ग्रीनिच, लिस्बन आणि मुंबई. गाउसची जुनी गणिती पद्धत वापरून त्यानं सुईच्या हालचालीचे दोन भाग वेगळे केले. मोठा भाग वरून, वातावरणाच्या उंच थरांतल्या विजेच्या प्रवाहांमुळे येत होता (आज आपण त्या थरांना आयनोस्फिअर म्हणतो, आणि तिथला वायू प्लाझ्माच असतो). आणि छोटा भाग खालून येत होता, पृथ्वीच्या पोटातून, वरच्याला उत्तर म्हणून. त्या उत्तरावरून शुस्टरनं ओळखलं की पृथ्वीचं पोट वीज वाहून नेतं, आणि वरच्या थरांपेक्षा आतले थर ती जास्त चांगली वाहून नेतात.

पृथ्वी न फोडता! आणि त्या चार नोंदींपैकी एक आपल्या कुलाब्याची होती. हे वाचलं तेव्हा मी काही वेळ नुसताच बसून होतो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायची वेळ आली. ट्रामच्या प्रवाहांनी नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी साखळी तुटायला नको. अलिबागची इमारत बांधली तीही चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची. मुद्दा एवढाच, की सुईच्या जवळ लोखंड नको आणि ट्रामही नको.

अवकाशयानांतही नेमकी हीच कटकट असते. यानाची स्वतःची वायरिंग, मोटारी, सगळ्यांचं चुंबकीय क्षेत्र मधे येतं. म्हणून मॅग्नेटोमीटर यानापासून दूर, लांब दांडीच्या टोकाला बसवतात. गॅलिलिओ यानाची दांडी ११ मीटर लांब होती. तो त्या यानाचा अलिबाग.

या मॅग्नेटोमीटरच्या प्रमुख होत्या मार्गारेट किव्हेल्सन. जन्म १९२८ चा, हार्वर्डला ज्युलियन श्विंगर यांच्या हाताखाली पीएचडी, नंतर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. गॅलिलिओच्या कामासाठी त्यांची निवड १९७७ साली झाली. उड्डाण १९८२ मध्ये व्हायचं होतं. ते पुढे ढकललं गेलं, मग १९८६ मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला, आणि शेवटी उड्डाण झालं ऑक्टोबर १९८९ मध्ये. गुरूपाशी पोचायला डिसेंबर १९९५ उजाडला. निवडीपासून अठरा वर्षं! आपण लोक गॅस सिलिंडर दोन दिवस उशिरा आला तर चिडतो.

त्यात १९९१ साली यानाची मुख्य अँटेना उघडेना. छत्रीसारखी उघडायची होती, तिच्या काही काड्या अडकल्या त्या कायमच्याच. लांबलेल्या उड्डाणामुळे यान ट्रकमधून अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकाला जात-येत राहिलं आणि त्या खडखडाटात काड्यांवरचं वंगण निघून गेलं, असा निष्कर्ष पुढे निघाला. राहिली छोटी अँटेना. तिच्यातून माहिती थेंब थेंब यायची. फोटोंना याचा मोठा फटका बसला. मॅग्नेटोमीटरची भूक मुळात कमी, तीन दिशांचे तीन आकडे, पुन्हा तीन आकडे. गरिबीत लहान पोटाचा माणूस तगतो.

जून १९९६ मध्ये गॅलिलिओ गॅनिमिडजवळून गेलं आणि पहिला धक्का बसला. गॅनिमिडला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र निघालं! कुठल्याही चंद्राच्या बाबतीत असं पहिल्यांदाच आढळलं. डॉन गर्नेट यांच्या प्लाझ्मा-लहरींच्या उपकरणालाही त्याच वेळी खूण मिळाली, त्यामुळे शंकेला जागा राहिली नाही.

मग १९ डिसेंबर १९९६, युरोपा. तिथेही क्षेत्रात बदल दिसला. साहजिकच पहिला विचार आला की गॅनिमिडसारखाच याच्याही पोटात चुंबक असेल. १९९७ सालच्या पहिल्या निबंधात ती शक्यता मांडलेली आहे. पण कॅलिस्टोच्या नोंदी आल्या आणि कोडं फिरलं. कॅलिस्टोच्या दोन भेटींत उत्तराची दिशा एकमेकींच्या उलट होती. पोटातला चुंबक असा सकाळ-संध्याकाळ उलटा होत नाही. प्रवर्तनाचं उत्तर मात्र होतं. १९९८ मध्ये कृशन खुराना, किव्हेल्सन आणि सहकाऱ्यांनी निबंध लिहिला की युरोपा आणि कॅलिस्टो, दोघांच्याही आत खाऱ्या पाण्याचे समुद्र असावेत. कॅलिस्टो तर मेलेला, खड्ड्यांनी भरलेला गोळा समजला जायचा!

तरी युरोपाचं भांडण मिटलेलं नव्हतं. उपयोगी पडतील अशा आधीच्या भेटी नेमक्या गुरूच्या हेलकाव्याच्या एकाच बाजूला झाल्या होत्या. त्या बाजूला "पोटातला चुंबक" आणि "समुद्राचं उत्तर" सारखंच दिसतं. शिवाय प्लाझ्माच्या वाऱ्याचा गोंगाट होताच. युरोपाच्या विरळ वातावरणावर प्लाझ्मा आदळतो, अडतो, त्याच्यात प्रवाह वाहतात आणि त्यांचंही क्षेत्र मोजमापात मिसळतं. बाजारात नारळ कानाशी धरलाय आणि शेजारून एसटी हॉर्न वाजवत चालली आहे, अशी परिस्थिती. म्हणून या विषयात प्लाझ्माचा अभ्यास करावाच लागतो. गोंगाट नीट ओळखल्याशिवाय तो वजा करता येत नाही.

हवी होती ती हेलकाव्याच्या दुसऱ्या बाजूची एक भेट. ती मिळाली ३ जानेवारी २००० ला. यान युरोपापासून साधारण साडेतीनशे किलोमीटरवरून गेलं. आत कायमचा चुंबक असेल तर क्षेत्राची दिशा पूर्वीचीच यायला हवी होती. समुद्र असेल तर उलटी. उलटी आली.

मला या गोष्टीत सर्वांत आवडतं ते हे. या मंडळींनी आपल्याच पहिल्या निबंधातली शक्यता खोटी ठरू शकेल अशी परीक्षा मागून घेतली, आणि तिनं दिलेलं उत्तर जसंच्या तसं छापलं. उत्तराचा जोर इतका होता की खोलवरच्या धातूच्या गाभ्याला ते जमलं नसतं, कारण अंतराबरोबर असं क्षेत्र भराभर क्षीण होतं. वीज वाहून नेणारा थर वरच्या बर्फाला लागूनच असायला हवा. आणि तिथे बसेल असं एकच साधं उत्तर उरतं, खारं पाणी. आजच्या अंदाजानुसार पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या मिळून दुप्पट.

त्या सुईच्या डुलण्याची किंमत गॅलिलिओनंच मोजली. इंधन संपत आलं तेव्हा बेवारस यान कधीतरी युरोपावर आदळेल आणि पृथ्वीवरचे जंतू त्या समुद्रापर्यंत पोचतील, ही भीती होती. म्हणून २१ सप्टेंबर २००३ ला त्याला मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटून संपवलं. ज्या समुद्राचा सुगावा त्यानं लावला, त्याच्यासाठीच त्याला जावं लागलं.

पण वह्या राहतात. २०१८ मध्ये शियांझे जिया, किव्हेल्सन, खुराना आणि विल्यम कर्थ यांनी १६ डिसेंबर १९९७ च्या भेटीच्या नोंदी पुन्हा उघडल्या. त्या दिवशी यान युरोपाच्या फक्त २०६ किलोमीटरवरून गेलं होतं. मधली तीनेक मिनिटं चुंबकीय क्षेत्र एकदम वाकलेलं आणि प्लाझ्माची घनता उसळलेली. वीस वर्षं ती वेडीवाकडी रेघ तशीच पडून होती. दरम्यान हबल दुर्बिणीला युरोपावर पाण्याचे फवारे असावेत अशा खुणा दिसल्या होत्या. नव्या गणितानं बघितलं तर ती रेघ, यान एखाद्या फवाऱ्यातून गेलं असेल तर जशी यावी तशी होती. फवाऱ्यांचा वाद अजून मिटलेला नाही, पण जुनी वही पुन्हा बोलली हे नक्की.

कुलाब्याची वहीसुद्धा अशीच बोलली होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळात कुलाब्याची नोंद एकदम सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळली. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, ब्रूस त्सुरुतानी आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखीना वगैरेंनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाची ताकद काढली. १८५९ साली तो आकडा कोणी लिहिला असेल? त्याला काय वाटलं असेल, उपकरण बिघडलं? तरी त्यानं लिहिला. न समजलेला आकडाही खोडला नाही. मला वाटतं विज्ञानातला निम्मा मोठेपणा याच्यातच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपा क्लिपर निघालं आहे. एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल आणि युरोपाजवळून ४९ वेळा जाईल, असं नियोजन आहे. त्याच्यावर साडेआठ मीटर दांडीवर मॅग्नेटोमीटर आहे, आणि सोबत खास प्लाझ्मा मोजणारं उपकरण, म्हणजे हॉर्नचा आवाज वेगळा टिपायचा आणि नारळाच्या आवाजातून वजा करायचा. मग समुद्र किती खोल, किती खारा, वरचा बर्फ किती जाड, हे आकड्यांत सांगता येईल. युरोपीय संस्थेचं ज्यूस यान एप्रिल २०२३ मध्ये निघालंय. ते २०३१ मध्ये गुरूपाशी पोचेल आणि २०३४ च्या शेवटी गॅनिमिडभोवती फिरू लागेल.

क्लिपर पोचेल तेव्हा भाची दहावीच्या आसपास असेल. मी हे सगळं तिला फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण मामा, त्या पाण्यात कोणी राहतं का, ते सुईला कळेल?"

नाही कळणार. आईनं अलिबागहून निवडून आणलेल्या आठ नारळांतला एक कुजका निघाला. पाणी होतं, भरपूर होतं, आवाजही खणखणीत होता. पण खोबरं कसं आहे हे आवाजावरून कळत नाही, त्यासाठी शेवटी नारळ फोडावाच लागतो. आई त्यावर एवढंच म्हणाली, "सात तर चांगले निघाले ना?"

असो. बरंच लांबलं. कोणी अलिबागला जाणार असाल तर समुद्राकडे पळण्याआधी त्या वेधशाळेकडे बाहेरून एक नजर टाका. सुई तिथे अजून डुलते आहे, आणि नोंदही होते आहे.